चौथं प्रकरण अकोल्यात ठेवून आले

वऱ्हाडात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात, किती काळवंडले ते. अहो, पौषात गेले होते मी! सकाळी शाल लागत होती. पण आमच्याकडे वऱ्हाड म्हणजे ऊन, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, आणि ते खायला मुद्दाम कुणी तिकडे जात नाही. खरं सांगायचं तर मीही गेले नसते. मला पाठवलं माझ्या प्रबंधानं.

प्रबंधाचा विषय सांगितला की लोक घाईघाईनं दुसरं काहीतरी बोलू लागतात, म्हणून थोडक्यात उरकते. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, पण ती सगळी एका वेळी काम करत नाहीत. काही उघडी असतात, काही मिटलेली. एक उघडलं की ते दुसऱ्याला मिटवतं, दुसरं तिसऱ्याला उघडतं, असा त्यांचा एकमेकांना जाच चालू असतो, एकत्र कुटुंबात असतो तसाच. मी गणितातली. उघडं म्हणजे एक, मिटलेलं म्हणजे शून्य असं धरून या जाचाची कोष्टकं मांडायची आणि अखेर घडी कशी बसते ते पाहायचं, यात माझी तरणी वर्षं गेली. तिसऱ्या प्रकरणात मी दाखवलं होतं की एकमेकांना मिटवणारी दोन जनुकं असली, तर शेवटी एक उघडं राहतं आणि दुसरं मिटतं, आणि मग ते तसंच राहतं. चौथं प्रकरण मात्र माझं लाडकं. त्यात दोन्ही मिटलेली असताना सुरुवात केली होती. कोष्टकाच्या पुढच्या ओळीत दोन्ही एकदम उघडतात, त्यापुढच्या ओळीत एकमेकांमुळे दोन्ही एकदम मिटतात, परत उघडतात, आणि ही उघडमीट कधी थांबतच नाही. पेशीतल्या घड्याळाचं मूळ आपल्याला सापडलं, असं मला वाटत होतं. माझ्या गुरुजींनाही वाटत होतं.

बाहेरचे परीक्षक होते अकोल्याचे डॉ. राऊत. कापसाच्या वाणांत जन्म काढून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी कळवलं, चौथ्या प्रकरणाबद्दल समोरासमोर बोलायचं आहे, बाईंनी इकडे यावं, तोवर सही करता येणार नाही. सही नाही म्हणजे पदवी नाही, आणि पदवी नाही तर कॉलेजातली माझी 'तात्पुरती' नेमणूक उन्हाळ्याच्या सुटीत विरून जाणार, हे प्राचार्यांनी मला गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. मी मुकाट निघाले आणि मनमाडला गाडी बदलली.

बडनेरा आणि राजापेठ

राऊतांनी सोमवारी बोलावलं होतं. माझी वसतिगृहातली मैत्रीण कुसुम हिचं माहेर आणि सासर दोन्ही अमरावतीत, राजापेठेतच. ती स्वतः नवऱ्याबरोबर नागपूरला असते. तिनं हट्ट धरला, की आधीचे दिवस अमरावतीत आमच्याकडे राहा, आणि कुणाला राग येऊ नये म्हणून दोन्ही घरी लिहून टाकलं: माझी मैत्रीण येतेय, सांभाळा.

बडनेऱ्याला उतरले तर फलाटावर माझ्यासाठी कुणी नाही. ट्रंकेवर बसून वाट पाहिली. संत्र्यांच्या करंड्यांचा वास येत होता, आणि एक म्हातारा हमाल माझ्याकडे बघून हळहळत होता. "बाई, कोनी येऊन नाई राह्यलं तुमाले घ्याले?" म्हटलं, येतील. "बाप्पा! येतीन, येतीन. अमरावतीची गाडी सुटून जाईन तेवढ्यात." मग मीच अमरावतीच्या गाडीत चढले आणि टांगा करून राजापेठेत कुसुमच्या माहेरी थडकले.

कुसुमचे वडील वकीलसाहेब. पांढरीशुभ्र बंडी, तोंडात पान. मला दारात पाहून त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे? बापूसाहेब नाही आले स्टेशनवर?" बापूसाहेब म्हणजे कुसुमचे सासरे. चांदूर रेल्वेकडे त्यांची काळीभोर शेती आहे, पण धाकट्या मुलांच्या कॉलेजासाठी त्यांनी राजापेठेत, दोन गल्ल्या सोडून, घर केलंय. वकीलसाहेबांनी धरलं की व्याही घ्यायला जातील, मग मुलीच्या बापानं मधे तोंड घालणं बरं नाही. बापूसाहेबांनी धरलं की पोरीची मैत्रीण, तिचे माहेरचे जातील, आपण सासरकडच्यांनी पुढं पुढं कशाला करायचं. आमच्याकडे पाहुण्याला घ्यायला कुणी आलं नाही तर त्याचा अर्थ कुणाला यायचंच नव्हतं. इथं दोघांनाही यायचं होतं, म्हणून कुणी आलं नाही.

व्याह्यांचं एकमेकांकडे जाणंयेणं सणावारी, अहेर-मानपानासकट. रोजच्या बातम्यांसाठी चंद्रभागाबाई होत्या. त्या दोन्ही घरी भांडी घासत, आणि एका घरी काय घडलं ते दुसऱ्या घरी पोचवत. सकाळी एकदा, दुपारी एकदा. त्यांच्यावाचून इकडचं तिकडं कुणाला कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागाबाईंनी दोन्हीकडे सांगितलं, की काल तिकडून कुणीच गेलं नव्हतं. झालं! दोन्ही घरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी वकीलसाहेबांकडे पाट मांडला: वांग्याचं भरीत, पाटवडीचा रस्सा, गोळाभात, वर फोडणीचं तेल. इतकं तिखट मी जन्मात खाल्लं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि वकीलसाहेबांच्या घरच्या माई वाढतायत. "घ्या ना. काहून लाजता?" ताटावरून उठते तोच बापूसाहेबांचा गडी दारात. पानं मांडलीत, चला. नाही म्हणायची सोय नव्हती. तिथं पुन्हा भाकर, पुन्हा ठेचा, पुन्हा पुरण. संध्याकाळी मला श्वास घेता येईना.

पण चंद्रभागाबाई दुपारीही येत. त्यांनी दोन्हीकडे सांगितलं, की तिकडं बाईंना पोटभर जेवू घातलं. दोन्ही घरांना वाटलं, चला, पाहुणी तिकडे रुळली, रात्रीही तिकडेच बसेल. वकीलसाहेबांकडे चूल लवकर विझली. माई म्हणाल्या, "तुम्हाला तिकडूनच बोलावणं असेल, नाही का?" मी म्हटलं, हो हो. पुणेरी ताठा. फिरत फिरत बापूसाहेबांच्या दारावरून गेले, तर त्यांच्या घरच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "जेवन झालं ना माय तिकडे?" तिथंही मी हो म्हटलं. झोपायला जाताना ट्रंकेतला चिवडा आणि दोन संत्री, एवढंच माझं जेवण.

सकाळी पुन्हा बातमी फिरली, की रात्री बाई तिकडे जेवल्याच नाहीत, आणि पुन्हा दोन्ही घरांतून न्याहारीचं बोलावणं आलं. एकीकडे सांजा, एकीकडे फोडणीची भाकर. मी मनात म्हटलं, हे काय चाललंय! आणि तेवढ्यात मला हसू फुटलं. हे तर माझं चौथं प्रकरण! दोन्ही घरं एकमेकांना मिटवणारी. दोन्ही मिटली, मग दोन्ही उघडली, परत मिटली, परत उघडली. दोन सज्जन व्याही माझं गणित राजापेठेत करून दाखवत होते. मला इतका आनंद झाला की मी दोन्हीकडची न्याहारी सगळी संपवली.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. तोवर काकूंचा धीर सुटला होता. बापूसाहेबांच्या घरच्या या काकू बुटक्या, ठसक्याच्या. चंद्रभागाबाईंची वाट न बघता त्या पदर खोचून वकीलसाहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. विहिणीच्या दारात अशा अवेळी, न बोलावता! माई गडबडल्या, हळदकुंकवाचा करंडा शोधायला लागल्या. काकू म्हणाल्या, "करंडा राहू द्या विहीणबाई. या पोरीले मी घेऊन चालली. अमरावतीत आहे तोवर माह्या घरी जेवन. कोनाले राग आला तर येऊ द्या. हे काय पोरीले कधी दोनदोनदा कोंबून राहिलो, कधी उपाशी झोपवून राहिलो!"

उपाशी झोपले हे त्यांनी चंद्रभागाबाईंच्या सकाळच्या बातमीवरून ताडलं असणार. माझ्या तोंडावरही लिहिलेलं असावं. माई आधी थिजल्या, मग त्यांना इतकं हायसं वाटलं की त्या हसतच सुटल्या. त्या दिवसापासून घडी बसली. झोपायला माईंकडे, जेवायला काकूंकडे. चंद्रभागाबाई किती का बातम्या नेईनात, ती घडी मोडली नाही.

काकूंच्या स्वयंपाकघरात मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि माझा हात तिथंच राहिला. उघडमीट थांबली होती. का थांबली? एकजण दुसऱ्याच्या जरासं आधी हललं, म्हणून. फक्त एवढंच. मग आधी ती चालली तरी कशी? चंद्रभागाबाई दोघांनाही एकाच वेळी बातमी देत होत्या म्हणून. आणि माझ्या कोष्टकात? तिथं तर मीच चंद्रभागाबाई! एक ओळ संपली की दोन्ही जनुकांना मी एकाच दमात हलवत होते, शाळेतल्या कवायतीसारखं, एक साथ. पेशीत कवायत घेणारं कोण बसलंय? तिथं कुणीतरी जरासं आधी उघडणार, दुसऱ्याला मिटवणार, आणि खेळ खलास. ते घड्याळ जनुकांचं नव्हतंच. माझ्या कोष्टकाच्या ओळींचं होतं. मुकाट्यानं ओळीखाली ओळ मांडत जाणाऱ्या गणितवाल्यांनाच ही चूक सुचू शकते. शेतात राबणाऱ्या माणसानं ती केली नसती, त्याला ठाऊक असतं की कुठलीही दोन झाडं एका क्षणी उगवत नाहीत.

"काय झालं वं? तिखट लागलं?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. माझं चुकलं."

"मंग दही घे," काकू म्हणाल्या.

अकोटमार्गे

सोमवारी सकाळी अकोल्याची सरळ गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, अकोटाले जा, तिथून अकोल्याले ढिगानं गाड्या. तो ढीग मला शेवटपर्यंत दिसला नाही, पण त्या रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन्ही बाजूंनी काळी जमीन, तुरी हिरव्यागार उभ्या, ज्वारीची कणसं भरलेली. वेचणी चालू होती. बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या, आणि वाटेत कुठं ना कुठं हुरड्याचा धूर. आमच्याकडे दख्खनात जमीन दगडांतून डोकं वर काढते. इथं दगड शोधायला गेलं तर हाती माती लागेल.

पण माझं अर्धं लक्ष चौथ्या प्रकरणाकडे. शेजारी डोईवर फेटा बांधलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी मायेनं चौकशी केली.

"काहून जाता बाई अकोल्याले? सोयरिक पाहाले?"

"नाही आजोबा, परीक्षा आहे माझी."

आजोबांनी मला नीट न्याहाळलं. "या वयात?"

"या वयात."

"अभ्यास झाला का?"

"झाला होता हो. परवा कळलं, तो चुकीचा झालाय."

आजोबांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "मंग मास्तरले नका सांगू. त्याले नाई कळलं तर पास, कळलं तर नापास. आपल्या तोंडानं काहून नापास व्हाचं?"

हसण्यावारी नेलं खरं, पण हाच विचार दोन दिवस मला खात होता, तो या आजोबांनी मोठ्यानं बोलून दाखवला. राऊतांनी चौथ्या प्रकरणाबद्दल बोलावलंय, म्हणजे त्यांना एक तर चूक सापडलीय किंवा नाही. सापडली असेल तर मी मेलेच. नसेल तर एक सही, आणि जन्माची चिंता मिटली. गप्प बसायचं, एवढंच काम. मी काही कुणाचं चोरलं नव्हतं.

अकोटला गाडी बदलली. तिथं सरकी काढणाऱ्या जिनांपुढं कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग स्टँडपर्यंत आलेली. हवेत कापूस तरंगत होता, झाडांवर, तारांवर, माझ्या केसांवर. चहा आणि आलुबोंडा घेतला तर त्यावरही कापसाचा तंतू. बैल शांतपणे रवंथ करत उभे. गाडीवान एकमेकांच्या बंड्यांवर बसून गप्पा छाटत होते, जणू त्यांना कुठं जायचंच नव्हतं. मला त्यांचा फार हेवा वाटला.

अकोला

डॉ. राऊतांचं घर गावाबाहेर, मागं त्यांचंच लहानसं वावर. मी पोचले तेव्हा ते ओट्यावर आरामखुर्चीत, मांडीवर माझा प्रबंध. उंच, हाडकुळे. जाड भिंगाचा चष्मा. त्यांच्या पत्नींनी पाणी दिलं, केसांतला कापूस स्वतःच्या हातानं काढला, नि आत गेल्या.

"बसा बाई," राऊत म्हणाले. "प्रवास बरा झाला? बरं. आता कामाचं बोलू. तुमचं तिसरं प्रकरण ठीक आहे. पाचवंही ठीक. पण चौथं..." ते थांबले. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "चौथं उत्तम आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. असं काही मी उभ्या जन्मात वाचलं नाही."

घ्या! सापडली नव्हती. दोन हातांवर सही होती. बसमधले आजोबा माझ्या कानाशी बसल्यासारखे वाटले. आणि मला त्या क्षणी एवढंच कळलं, की मी आता गप्प बसले तर या म्हाताऱ्या माणसाच्या कौतुकाला पुढं जन्मभर घाबरत राहीन.

"डॉक्टर, ते चूक आहे," मी म्हटलं.

"काय?"

"चौथं प्रकरण. उघडमीट होतच नाही. माझ्या कोष्टकात दोन्ही जनुकं एकाच वेळी हलतात, म्हणून ती दिसते. एकाला क्षणभर आधी हलू दिलं की संपलं. एक उघडं, एक मिटलेलं, आणि मग ते तसंच राहतं. तिसरं प्रकरण खरं. चौथं माझ्या मांडणीचं पोर." आणि मग घडाघडा सगळं सांगितलं, व्याही, चंद्रभागाबाई, काकूंनी खोचलेला पदर, सगळं. नापासच व्हायचं तर नीट व्हावं.

राऊतांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे लाल ते लालच राहील? हिरवं ते हिरवंच?" त्यांनी विचारलं.

मला कळेना, लाल कुठलं. ते उठले आणि मला मागच्या वावरात घेऊन गेले. एका वाफ्यातली कापसाची झाडं वेगळी होती. पानांवर लाल नि हिरवे पट्टे, शेजारी शेजारी. प्रत्येक पट्टेरी पानाच्या देठाला खुणेचा दोरा बांधलेला.

"तुमचा प्रबंध आला तेव्हा ही रोपं लहान होती," राऊत बोलायला लागले, आणि आता त्यांची प्राध्यापकी भाषा गळून पडली होती. "मले वाटलं, हे तर आपल्याच वावरात आहे! एक जनुक लाल करते, दुसरं हिरवं ठेवते, दोघं एकमेकाले मिटवतात. तर मंग तुमच्या हिशेबानं ते रंग आलटून पालटून व्हाले पाहिजेत. मी रोज येऊन पाहून राहिलो. पावसात पाहिलं, थंडीत पाहिलं. कुठं बदल नाई. लाल ते लाल, हिरवं ते हिरवं. बाई, दवाखान्यात म्हनले मोतीबिंदू आहे. मी समजलो, रंग बदलत असन, आपल्यालेच दिसत नसन. गणित कसं चुकन? म्हनून तुमाले बोलावलं. म्हटलं, तुमी तरण्या डोळ्यानं पाहा, नि मले खरं काय ते सांगा. मंग सही करतो आणि हे वावर कोनाले देऊन टाकतो. डोळेच गेले तर कापूस घेऊन काय करू?"

मी वाकले. हाताला येईल ते प्रत्येक पान उलटंपालटं केलं. पट्ट्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या स्वच्छ होत्या. जुन्या, खालच्या पानांवरही तसेच पट्टे.

"कुठंही बदल नाही डॉक्टर," मी म्हटलं. "तुम्ही पाहिलंत ते बरोबर पाहिलंत."

राऊतांनी एका झाडावरून हात फिरवला. मग एकदम वळले आणि घराकडे चालू लागले, म्हातारा माणूस धावतो तसे, अर्धे धावत.

"चौथं काढून टाका!" मागं न बघता ते ओरडले. "आता सांगतलं ते लिहा त्या जागी! सही घेऊन जा आजच!" आणि मग त्याहून मोठ्यानं, अख्ख्या वावराला ऐकू जाईल असं, "अवं! ऐकलं का! बाहेर ये! मले दिसते! मले सगळं दिसून राह्यलं होतं!"